शाळेपर्यंतचं अंतर : शिक्षण, विकास आणि आपला गोंदिया जिल्हा

कॅप राउंडच्या लिस्टमध्ये माझ्या नावापुढे गोंदिया आलं तेव्हा खरं सांगायचं तर मी रडले होते. मैत्रिणींना पुणे मिळालं, कुणाला नागपूर मिळालं आणि मला गोंदिया! बाबा मात्र खूश झाले. कारण सालेकसा तालुक्यातलं आमचं मूळ गाव इथून लोकलने नि मग थोडं पुढे, एवढ्याच अंतरावर आहे. "चला, आता तरी आजीकडे जाणं होईल," असं ते म्हणाले. नागपूरला बँक कॉलनीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला गाव म्हणजे दिवाळीचे चार दिवस, एवढंच ठाऊक होतं. गेल्या अडीच वर्षांत हॉस्टेलच्या मेसला कंटाळून मी जवळजवळ महिन्याआड रविवारी गावाला जाते. हा लेख त्या रविवारांतून सुचला आहे.

एक कबुली आधीच देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागे, त्यामुळे मराठीत एवढं मोठं लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

शिक्षण कशासाठी? आजीचं कार्ड

"शिक्षणाने सामाजिक विकास होतो" हे वाक्य आपण निबंधात इतक्यांदा लिहिलं आहे की त्याचा अर्थच उरलेला नाही. मला तो अर्थ आजीने सांगितलेल्या एका गोष्टीतून कळला.

आजी बिड्या वळायची. आपल्या भागातल्या हजारो बायका वळायच्या, काही अजूनही वळतात. मजुरी मिळते ती हजार बिड्यांमागे. ठेकेदाराचा माणूस बिड्या मोजून घ्यायचा, काही बाद करायचा आणि आजीच्या कार्डावर आकडा लिहायचा. आजीला अक्षर येत नव्हतं. पण मोजणी तोंडपाठ होती. आकडा कमी लिहिला जातोय अशी शंका तिला यायची, पण बोलणार कशाच्या जोरावर? बाबा पाचवीत गेले तेव्हा एक दिवस त्यांनी कार्ड वाचून दाखवलं. आठवड्याभरात सातशे बिड्या कमी लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आजी बाबांना घेऊनच गेली आणि त्या दिवसापासून तिचा आकडा बरोबर लागायला लागला. शेजारच्या बायकाही आपापली कार्डं बाबांकडे आणायला लागल्या.

एका पाचवीतल्या मुलाचं वाचन आणि पाच-सहा घरांची मजुरी! विकासाची यापेक्षा सोपी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही. आज बिडीच्या जागी दुसरे कागद आले आहेत. धान खरेदी केंद्रावर हमीभावाने धान द्यायचं तर सातबारा लागतो, ऑनलाइन नोंदणी लागते, वजनाची पावती नीट पाहावी लागते. ज्याला वाचता येतं त्याचा धान्याचा दाणा न् दाणा मोजला जातो. ज्याला येत नाही तो कुणाच्या तरी भरवशावर असतो.

दुसरं उदाहरण आरोग्याचं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, तपासण्या होतात, कार्डं मिळतात. पण कार्डावर "वाहक" असं लिहिलेलं वाचून लग्नाआधी दुसऱ्या बाजूचं कार्ड मागायचं, हे काम सरकार करू शकत नाही. ते शिकलेली मुलगीच करू शकते. जॉन काल्डवेल नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये नायजेरियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून हेच मांडलं होतं, की बाळ जगण्याशी आईच्या शिक्षणाचा थेट संबंध आहे, नुसता घरच्या उत्पन्नाचा नाही. नायजेरिया असो की सालेकसा, गणित सारखंच.

थोडा इतिहास

सर्वांना सक्तीचं शिक्षण ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गावर, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात ते करून दाखवलं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेलं विधेयक मात्र पुढच्याच वर्षी फेटाळलं गेलं. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. संपूर्ण देशाला असा कायदा मिळायला २००९ साल उजाडलं, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी!

आपल्या जिल्ह्याकडे यायचं तर गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो. या भागात शाळा-कॉलेजं उभी राहण्यात मनोहरभाई पटेल यांचं नाव घ्यावंच लागतं. स्वतः फार शिकलेले नसलेले हे बिडी उद्योजक. पण १९५८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गोंदिया शिक्षण संस्था सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत हायस्कुलं निघाली. आजही ९ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदकं दिली जातात. बिडी वळणाऱ्या हातांचा पैसा काही अंशी तरी शाळेत आला, असं मला हा इतिहास वाचताना वाटलं.

आमच्या घराची गोष्ट याच इतिहासात बसते. आजोबांच्या लहानपणी जवळपास हायस्कूल नव्हतं, ते चौथीनंतर थांबले. बाबांच्या वेळी पाच किलोमीटरवर हायस्कूल झालेलं होतं, बाबा दहावी झाले, मग नागपूर, मग बँक. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता. फरक होता तो शाळेपर्यंतच्या अंतराचा.

८५ टक्के म्हणजे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार आणि साक्षरता सुमारे ८५ टक्के. त्या वेळी महाराष्ट्राची होती सुमारे ८२ आणि देशाची सुमारे ७३. म्हणजे ज्याला सगळे मागास जिल्हा म्हणतात तो राज्याच्या सरासरीच्याही पुढे! नागपूरच्या मैत्रिणींना हे सांगितलं तर विश्वास बसत नाही.

पण मित्रांनो, इथे थोडं थांबायला हवं. जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरची अशी व्यक्ती जिला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं. चौथी झालेली मुलगीही साक्षर आणि एमटेक झालेलीही साक्षर. ८५ टक्के हा आकडा दार उघडल्याचं सांगतो, आत कोण किती दूर गेलं ते सांगत नाही.

मी इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी, म्हणून माझ्या विषयातलं उदाहरण देते. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. वीज तयार होते ती आपल्या जिल्ह्यात. पण गावातल्या शेवटच्या खांबावर बल्ब मिणमिणत असेल तर दोष निर्मितीत शोधून चालत नाही, वाहिनीत शोधावा लागतो. शिक्षणाचंही तसंच आहे. पहिलीत जवळजवळ प्रत्येक मूल दाखल होतं. गळती होते ती जोडांवर. आपल्याकडे हे जोड ठरलेले आहेत: चौथी, सातवी, दहावी आणि बारावी. प्रत्येक जोडाला शाळा बदलते आणि प्रत्येक वेळी ती थोडी आणखी दूर जाते.

आमच्या गावाचंच बघा. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत गावात. पाचवी ते सातवी दोन किलोमीटरवर. आठवी ते दहावी पाच किलोमीटरवर. आणि अकरावी सायन्स घ्यायचं तर आमगाव, म्हणजे अठरा किलोमीटर! शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत सोबत करतो. नेमकं अंतर वाढायला लागतं तिथे कायद्याची हद्द संपते.

धाकटीची गोष्ट

माझ्या काकांची मुलगी, घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, २०२५ मध्ये दहावी झाली. ७८ टक्के मिळाले. रोवणीच्या दिवसांत आईसोबत बांधीत उतरून, पाच किलोमीटर सायकल मारून मिळवलेले. माझ्या ९१ टक्क्यांमागे दोन ट्यूशन आणि एक स्कूल व्हॅन होती, म्हणून तिचे ७८ मला जास्त वाटतात. तिला सायन्स घ्यायचं होतं, पुढे नर्सिंग करायचं होतं.

काका म्हणाले, "नाही."

मी हॉस्टेलवरून तावातावाने गेले. मला वाटलं होतं, काकांना मुलीचं शिक्षण नको आहे, आपण भाषण देऊ आणि जिंकू. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी शिकत असन तं मी कायले अडवू? पण सांजेची गाडी नाही आली तं ते घरी येईल कशी? नाल्यावर पाणी आलं का गाडी पलीकडूनच परतते. अठरा किलोमीटर आहे बाई. तू सांग, कशी येईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषणात मी स्त्री-पुरुष समानता आणली होती, सावित्रीबाई आणल्या होत्या. पण संध्याकाळची गाडी आणली नव्हती.

सरकारने काहीच केलेलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने. मानव विकास मिशनमधून गोंदियासह राज्यातल्या मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या आणि गरजू मुलींना सायकली मिळाल्या. धाकटीची आठवी ते दहावी त्या सायकलवरच झाली. पास आहे, सायकल आहे, पण नाल्यावरचा पूल बुडतो तेव्हा दोन्ही निरुपयोगी. साखळीतली एक कडी सुटली की बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही.

शेवटी मार्ग निघाला तो आजीने काढला. आमगावला माझी आत्या राहते. सोमवार ते शनिवार धाकटीने आत्याकडे राहायचं आणि रविवारी गावाला यायचं. काका दोन दिवस विचार करून "बरं" म्हणाले. तेव्हा फॉर्मची मुदत संपत आलेली. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि आमच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त बोडीच्या पाळीवर. रात्री साडेआठला मी, धाकटी आणि टॉर्च धरलेले काका, तिघं पाळीवर बसून माझ्या मोबाइलवरून फॉर्म भरला. दोनदा साइट लटकली. तिसऱ्यांदा फॉर्म गेला तेव्हा काकांनी विचारलं, "झालं का? आता हे गेलं ना मुंबईले?" आणि आम्ही तिघंही हसलो.

धाकटी आता अकरावी सायन्सला आहे. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. तिच्या वर्गातल्या आणखी चार मुली दहावी पास झाल्या होत्या. त्यांतल्या दोघी घरी आहेत. त्यांची आमगावला आत्या नाही. जिला आत्या नाही तिच्या शिक्षणाचं काय? सामाजिक विकास म्हणजे काय, तर माझ्या मते ज्या गोष्टीसाठी आज आत्या लागते, तिच्यासाठी उद्या आत्या लागू नये.

इतर देशांनी काय केलं?

आपल्यासारख्या देशांनी या अंतरावर वेगवेगळे उपाय केले आहेत. बांगलादेशने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन सुरू केलं. अट अशी की हजेरी हवी, परीक्षेत गुण हवेत आणि लग्न झालेलं नको. मेक्सिकोने १९९७ मध्ये मुलं शाळेत जात असतील तर आईच्या हातात पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याच देशात बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि ज्या गावांपासून शाळा दूर होती तिथे परिणाम जास्त होता. म्हणजे आमच्या काकांचा प्रश्न बिहारच्या काकांनाही होताच.

श्रीलंकेने १९४५ मध्येच बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केलं. साक्षरता आणि आरोग्य यांत तो देश शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेला. पण तिथेच १९७१ मध्ये शिकलेल्या, बेकार तरुणांनी बंड केलं. शिक्षण मिळालं आणि काम मिळालं नाही तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. आपल्या जिल्ह्यात राइस मिल आहेत, तलाव आहेत, जंगल आहे. पण शिकलेल्यांसाठी काम कमी, म्हणून विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस भरून पोरं बाहेर जातात. तिरोड्याची वीज जशी तारांवरून बाहेर जाते तशी. माझे बाबा त्यांतलेच आणि बहुधा मीही. तेव्हा शिक्षण एकटं पुरेसं नाही, हेही मान्य करायला हवं.

दोन गोष्टी, ज्यांवर बोलायला हवं

पहिली, भाषा. गावाजवळच्या टोल्यावर गोंडी बोलणारी घरं आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. गोंडी द्राविड कुळातली, मराठीशी तिचा काही संबंध नाही. तिथलं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी तशीच वाटत असेल जशी मला के.जी.मध्ये इंग्रजी वाटली होती. मला समजवायला घरी शिकलेली आई होती. त्याला कोण? राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच आहे. तरी ते पोर गप्प बसलं की आपण "ढ" म्हणून मोकळे होतो. २०२४ च्या असर अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमीच मुलं दुसरीचा धडा वाचू शकली. या न वाचणाऱ्यांत भाषेमुळे मागे राहिलेली किती असतील, याचा विचार व्हायला हवा.

दुसरी, लहान शाळा. आमच्या गावच्या शाळेत या वर्षी सतरा मुलं आहेत. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांपेक्षा जास्त शाळा आहेत, आणि २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले तेव्हा मोठा वाद झाला. समूह शाळेच्या बाजूनेही मुद्दे आहेत. सतरा मुलांना चार इयत्ता आणि एक-दोन शिक्षक, ना लॅब, ना खेळाला टीम. मोठ्या शाळेत हे सगळं मिळू शकतं. पण माझा प्रश्न पुन्हा काकांचाच. सहा वर्षांचं मूल नाल्यापलीकडच्या शाळेत जाईल कसं? गाडीची हमी आधी, शाळा हलवणं नंतर, हा क्रम उलटा झाला तर दहावीला होणारी गळती पहिलीपासून सुरू होईल.

आपण काय करू शकतो?

पूल बांधणं आपल्या हातात नाही (सिव्हिलवाल्यांच्या हातात पुढे असेल, त्यांनी लक्षात ठेवावं). पण एक काम आपल्या हॉस्टेलमधला प्रत्येक जण करू शकतो, कारण त्याचा अनुभव आपल्याइतका कुणालाच नाही. ते म्हणजे फॉर्म!

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, महाडीबीटी. या शब्दांनी आपल्या सगळ्यांचं रक्त आटवलं आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. आमच्या गावात मी विचारलं तर यांतलं काहीही चार घरांच्या पलीकडे माहीत नव्हतं. योजना आहे आणि माहिती नाही, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवला आणि वायर जोडलीच नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. दिवाळीला आणि उन्हाळ्यात आपण गावाला जातो तेव्हा आपल्या गावातली दहावी-बारावीची पाच मुलं-मुली शोधायची. त्यांना कुठले दाखले लागतात ते वहीच्या एका पानावर लिहून द्यायचं, आणि जून येण्याआधी ते काढून घ्यायला लावायचं. निकाल लागला की फॉर्म भरताना सोबत बसायचं. आमच्या विंगमधल्या सहा जणींनी हे या उन्हाळ्यात करायचं ठरवलं आहे. देवरी, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, सालेकसा, जिथे जिथे आपलं घर आहे तिथे. स्टाफपैकी कुणी दाखल्यांची एक छापील यादी तयार करून दिली तर फार मदत होईल.

पहिलं नाव मी लिहून ठेवलं आहे. धाकटीच्या वर्गातली, घरी बसलेली एक मुलगी. तिच्या आईने मला विचारलं, "एक साल गेलं तं चालते का?" चालतं, असं मी सांगून आले आहे. आता ते खरं करून दाखवायचं आहे.